रिकामे कप

मला त्यातलं काही कळत नाही, हे आधीच सांगते.
नॉर्विचमध्ये विमा कंपनीत दावे तपासते मी,
संध्याकाळी इस्त्री करता करता समोर लागेल ते बघते,
कॉलर आली की मान खाली जाते,
त्यामुळे निम्मे खुनी माझ्या नजरेतून सुटलेत.

तरी मत आहे. मत असायला काय लागतं?

ते खेड्यातल्या खुनांचंच घ्या, रविवारी रात्री आठचं.
अकरावं वर्ष चाललंय. एवढंसं गाव,
एक चर्च, एक पब, बदकांचं तळं,
आणि आजवर त्रेसष्ट मुडदे.
सुतक कुणालाच नाही.
तेरावा सोडा, तिसऱ्या दिवशी हिरवळीवर तंबू ठोकून
जॅमची स्पर्धा, आणि परीक्षकाच्या पोटात सुरी.
घरांचे भाव मात्र तसूभर उतरत नाहीत.
मी असते तर त्या गावाला पॉलिसीच दिली नसती.

शेजारच्या ग्लेनिस येतात बघायला, त्यांचा टीव्ही धड असूनही.
स्वतःची उशी आणतात.
ऐकू कमी येतं म्हणून सबटायटल्स लावायचे:
‘दूरवर कुत्रं भुंकतं.’
‘अस्वस्थ करणारं संगीत.’
ग्लेनिस म्हणतात, बघ, कुत्र्याला कळलं, इन्स्पेक्टरला नाही.
त्यांचा संशय कायम पाद्रीबाबांवर.
अकरा वर्षांत दोनदा बरोबर आल्या,
त्या दोनदांचं अजून सांगतात.

माझं लक्ष कपांकडे.
मालिकेत चहा कुणी पीत नाही.
कप रिकामे असतात, उचलताना मनगट सांगतं.
भरलेला कप माणूस असा हलवत नाही,
काहीही कानावर पडो,
हात आपोआप बशी सांभाळतो.

समुद्रकाठी घर शोधणारी जोडपी येतात दुपारी.
तीन घरं बघतात, कपाटं उघडतात,
खिडकीशी उभं राहून वा वा करतात
आणि पोहे खाऊन निघालेल्या मंडळींसारखं
‘कळवतो’ म्हणून जातात.
हे मात्र मला खरं वाटतं.

उडणाऱ्या वीरांचे सिनेमे श्रीरंगला आवडायचे.
मी मोजत बसायचे: काचा, चपट्या झालेल्या गाड्या, एक अख्खा पूल.
जग वाचवून वीर भुर्रकन जातो,
कुणी म्हणत नाही, थांबा, फॉर्म भरायचाय.
जरा गप्प बसून बघ ना, श्रीरंग म्हणायचा.
बसले. चार भाग बसले.
तिसऱ्यात मेलेले चौथ्यात उठून आले.
म्हटलं, मग तिसऱ्याच्या तिकिटाचे पैसे परत द्या.
तो हसला नाही.
तेव्हाच कळायला हवं होतं,
पण मी सांगितलंच की, कॉलर आली की मान खाली जाते.

मार्चमधल्या त्या मंगळवारी प्रश्नमंजुषा चालू होती.
तो टीव्हीच्या पुढ्यात उभा राहून म्हणाला,
ॲबरडीनला जातोय. एकटा नाही.
संगीत वगैरे काही नव्हतं.
ग्लेनिसनी लावलेले सबटायटल्स तसेच राहिले होते,
त्याच्या कमरेमागून सरकत होते:
‘टाळ्या.’
मग, ‘टाळ्या वाढतात.’
माझ्या हातात चहा होता, काठोकाठ.
थेंब सांडला नाही.

बार्शीहून हेमलता विचारते, ती खुनांची मालिका बघू का गं?
तिला काय सांगू?
गेल्या रविवारी एक म्हातारी मोलकरीण दाखवली,
दोनच वाक्यं होती तिला.
पण तिनं कप उचलला, आणि वाफ होती,
वाफ! तिनं फुंकर मारली, जिभेला चटका बसला,
दुसरा घोट जपून घेतला.
मी ग्लेनिसना म्हटलं, ही नाही. हिनं केलेलं नाही.
कशावरून?
म्हटलं, हिच्या कपात चहा आहे.

तीच निघाली.
ग्लेनिस उशी बडवून बडवून हसल्या,
मीपण.

बघ हेमलता. बघायला हरकत नाही.